बोरीबंदर गेलं, रोयापुरम राहिलं

भारतात पहिली प्रवासी रेल्वे कुठे धावली, हे शाळेतलं पोरही झोपेत सांगेल. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, चौदा डबे, चारशे पाहुणे आणि एकवीस तोफांची सलामी. आता पुढचा प्रश्न. ती गाडी ज्या स्टेशनातून सुटली, ते स्टेशन आज कुठे आहे?

कुठेच नाही. बोरीबंदरचं पहिलं स्टेशन साधं, लाकडी होतं. १८७८ पासून दहा वर्षं खपून फ्रेडरिक स्टीव्हन्सने तिथे जी भव्य इमारत उभारली, ती आज आपली छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. ठाण्याचं मूळ स्टेशनही उरलेलं नाही. दुसरी रेल्वे १८५४ साली हावड्याहून सुटली. तिथलं पहिलं स्टेशन म्हणजे जवळजवळ शेडच. तीही गेली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आजची इमारत आली. तिसरा नंबर मद्रासचा, १८५६ चा. तिथलं स्टेशन मात्र अजून उभं आहे. भारतीय उपखंडात टिकून राहिलेली सर्वांत जुनी स्टेशनची इमारत म्हणून तिला मान आहे. नाव रोयापुरम.

चेन्नईत पोस्टिंग झालेल्या फौजी माणसाला सेंट्रल माहीत असतं, एग्मोर माहीत असतं. एमसीओ कुठे बसतो, वॉरंट कुठे बदलून मिळतं, हेही पहिल्या आठवड्यात कळतं. रोयापुरमला मात्र सहसा कोणी जात नाही. लोकल तिथे मिनिटभर थांबते आणि पुढे जाते. पण या इमारतीच्या इतिहासात आपल्या मिरज-बेळगावचं नाव इतकं ठळक आहे, की मराठी वाचकाने आणि विशेषतः माजी सैनिकाने तो वाचायलाच हवा.

आधी नावाबद्दल. इंग्रजी स्पेलिंग पाहून अनेकांना वाटतं, की हे ‘रॉयल’ वगैरे काहीतरी असावं. तसं नाही. येशूच्या शिष्यांपैकी पीटरला तमिळमध्ये रायप्पर म्हणतात, त्याचं ते रायपुरम. इथल्या नावाड्यांच्या समाजाने बांधलेलं सेंट पीटरचं चर्च स्टेशनच्या आधीपासून या वस्तीत आहे. म्हणजे वस्ती नावाड्यांची, आणि त्यालाही कारण होतं. त्या काळी मद्रासला बंदरच नव्हतं. जहाजं भर समुद्रात नांगर टाकायची आणि माणसं, माल सगळं मसुला नावाच्या होड्यांतून किनाऱ्यावर यायचं. या होड्यांच्या फळ्या खिळ्यांनी नव्हे, तर काथ्याने शिवलेल्या असत. लाटेचा तडाखा बसला, की होडी लवचीकपणे वाकायची, फुटायची नाही. मद्रासची रेल्वे उभी राहिली तेव्हा इंग्लंडहून येणारं सामान अशा किनाऱ्यावर उतरत होतं. दक्षिण भारतातल्या यंत्रयुगाची पहिली खेप काथ्याने शिवलेल्या होडीतून आली, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

खरं तर रुळांशी मद्रासची ओळख मुंबईच्याही आधीची. १८३७ च्या सुमारास शहराबाहेरच्या रेड हिल्स भागातून चिंताद्रीपेटपर्यंत रस्त्यांसाठी दगड वाहून आणायला एक छोटा लोहमार्ग चालू झाला होता. पुढे गोदावरी-कावेरीवरच्या बंधाऱ्यांमुळे नावाजलेला इंजिनिअर आर्थर कॉटन त्यात होता. ठाण्याच्या गाडीला तेव्हा सोळा वर्षं अवकाश होता. पण ती मालाची लाईन होती, थोडीच वर्षं चालली आणि तिची खूणही उरली नाही.

मद्रास रेल्वे कंपनी लंडनमध्ये पहिल्यांदा १८४५ साली निघाली, पैशाअभावी बुडाली आणि १८५२ साली पुन्हा उभी राहिली. या वेळी तिच्या पाठीशी सरकारची हमी होती. रेल्वेला तोटा झाला, तरी भागधारकांना ठरलेलं व्याज मिळणार आणि ते हिंदुस्थानच्या महसुलातून दिलं जाणार. त्या काळच्या बहुतेक रेल्वे कंपन्यांचा हाच सौदा होता. नफा झाला तर त्यांचा, तोटा झाला तर रयतेचा. जून १८५३ मध्ये, म्हणजे बोरीबंदरची तोफ वाजल्यावर दोनच महिन्यांत, रोयापुरमला काम सुरू झालं. ब्लॅक टाऊनच्या (आताच्या जॉर्ज टाऊनच्या) उत्तरेच्या तटाबाहेर ही जागा होती. व्यापाऱ्यांच्या पेढ्या, गोदामं आणि माल उतरायचा किनारा हाकेच्या अंतरावर. २८ जून १८५६ रोजी गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांच्या हस्ते उद्घाटन झालं आणि १ जुलैपासून गाड्या नियमित धावू लागल्या. डबे मद्रासमध्येच, सिम्प्सन कंपनीने बनवले होते.

गाडी जात होती अर्काटला. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. स्टेशन अर्काट गावापासून थोडं लांब, पालार नदीच्या अलीकडे. आज त्याचं नाव वालाजा रोड आहे.

अर्काट म्हटल्यावर फौजी माणसाचे कान टवकारले पाहिजेत. कर्नाटकच्या नवाबाची ही राजधानी. १७५१ साली रॉबर्ट क्लाईव्ह इथल्या किल्ल्यात वेढ्यात अडकला होता. त्याच्या मदतीला निघालेल्या फौजेत गुत्तीचे मुरारराव घोरपडे होते, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. पुढे इथे इंग्रजांची घोडदळाची छावणी झाली. १० जुलै १८०६ च्या पहाटे वेल्लोरच्या किल्ल्यात हिंदी शिपायांनी उठाव केला, तेव्हा याच अर्काटहून कर्नल गिलेस्पी ड्रॅगून्स घेऊन पंचवीस-एक किलोमीटर दौडत गेला आणि त्याच दिवशी त्याने किल्ला परत घेतला. १८५७ च्या आधी अर्धशतक झालेला हा उठाव एका घोडदळाच्या छावणीमुळे काही तासांत चिरडला गेला. जवळ फौज असणं आणि ती वेळेवर पोचणं यात सगळं आलं.

आता हिशेब करून बघा. पायदळाची त्या काळची रोजची मजल दहा-बारा मैलांची. मद्रासहून अर्काटला पायी जायचं, तर पाच-सहा दिवस. रोयापुरमहून गाडीत बसवलं, तर काही तास. लॉर्ड डलहौसीने १८५३ च्या आपल्या प्रसिद्ध टिपणात रेल्वेचा लष्करी उपयोग अगदी स्पष्ट मांडला होता. जिथे फौज न्यायला महिने लागतात, तिथे ती तितक्याच दिवसांत नेता येईल, हा त्याचा मुख्य मुद्दा. व्यापार होताच, पण साम्राज्याचा जीव या वेगात होता.

हे किती खरं आहे, हे वर्षभरातच दिसलं, आणि दाखवणारी पलटण मद्रासचीच होती. मे १८५७ मध्ये उत्तरेत उठाव झाल्यावर मद्रास फ्युजिलिअर्सना समुद्रमार्गे कलकत्त्याला नेण्यात आलं. पुढचा प्रवास रेल्वेने राणीगंजपर्यंत. हावड्याला स्टेशनमास्तर म्हणाला, वेळ झाली, गाडी सुटणार. काही तुकड्या अजून पोचल्या नव्हत्या. कर्नल नीलने स्टेशनमास्तर, ड्रायव्हर सगळ्यांना पहाऱ्यात ठेवलं, आपली माणसं येईपर्यंत गाडी थांबवली आणि मगच ती सोडली. पुढे याच नीलने अलाहाबाद-कानपूरला जे अत्याचार केले, ते सर्वश्रुत आहेत. मद्रासमध्ये त्याचा पुतळा उभारला गेला. तो हटवावा म्हणून १९२७ साली सत्याग्रह झाला आणि १९३७ मध्ये राजाजींच्या सरकारने तो रस्त्यावरून काढून संग्रहालयात नेला. जुनं सगळंच जागच्या जागी जपायचं नसतं, याचंही उदाहरण याच शहरात आहे.

रोयापुरमहून निघालेले रूळ मग पसरतच गेले. १८६२ पर्यंत ते पश्चिम किनाऱ्यावर बेपूरला टेकले. १८६४ मध्ये बंगलोर कँटोन्मेंटला पोचले. दुसरा फाटा वायव्येला कडप्पा, गुत्ती, गुंटकल करत रायचूरकडे निघाला. पलीकडून जीआयपी रेल्वे पुणे, सोलापूर, गुलबर्गा करत आली आणि १८७१ मध्ये दोन्ही रायचूरला भेटल्या. मुंबई आणि मद्रास जोडले गेले. मुराररावांच्या गुत्तीवरून आता आगगाडी जाऊ लागली. सेंट्रल स्टेशन उघडलं १८७३ मध्ये. म्हणजे मधली दोन वर्षं पुण्या-मुंबईहून रेल्वेने मद्रासला पोचलेला मराठी माणूस उतरला असणार तो याच रोयापुरमला.

सेंट्रल आलं आणि रोयापुरमची उतरण सुरू झाली. शहर दक्षिणेला आणि पश्चिमेला वाढत होतं, सेंट्रल त्याच्या मध्यावर पडत होतं. १९०७ पर्यंत सेंट्रल हे कंपनीचं मुख्य स्टेशन झालं. १९०८ मध्ये दक्षिणेकडच्या गाड्यांसाठी एग्मोर उघडलं. रूळ रोयापुरमच्या पुढे किनाऱ्याकडे, बीच स्टेशनपर्यंत गेले होतेच. जे टर्मिनस होतं, ते मधलं स्टेशन झालं.

नेमक्या याच वेळी आपलं नाव तिथे येतं. मद्रास रेल्वे कंपनीचा करार १९०७ च्या अखेरीस संपला. १ जानेवारी १९०८ पासून तिचा मोठा भाग दुसऱ्या एका कंपनीत मिळवला गेला आणि नवं नाव झालं मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे. तिचं मुख्यालय रोयापुरमला होतं. १९२२ साली सेंट्रलशेजारी नवी दगडी इमारत उभी राहीपर्यंत या रेल्वेचा कारभार रोयापुरमहून चालत होता.

हे ‘सदर्न मराठा’ काय होतं? इंग्रज ज्याला सदर्न मराठा कंट्री म्हणत, तो कृष्णेपासून तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख. बेळगाव, धारवाड, विजापूर हे जिल्हे आणि कोल्हापूर, सांगली, मिरज, जमखंडी ही संस्थानं. पटवर्धन, घोरपडे, भोसल्यांचा प्रदेश. १८७६ ते ७८ चा दुष्काळ या भागाला भयंकर गेला. मद्रास इलाख्यात रेल्वे होती, तिने धान्य आणलं आणि जिथे भाव चढे तिथे नेलंही. मद्रासच्या किनाऱ्यावर पोत्यांच्या थप्प्या लागल्या आहेत, अशी त्या काळची चित्रं आहेत. म्हणजे नुसती रेल्वे असून पोट भरत नाही. पण धारवाड-बेळगावकडे तर रेल्वेच नव्हती. बैलगाडीने धान्य न्यायचं, तर बैलांना वाटेत चारा-पाणी नाही. १८८० च्या दुष्काळ आयोगाने अशा भागांत रेल्वे नेण्याचा आग्रह धरला आणि १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली. मुख्यालय धारवाडला, रूळ मीटर गेजचे. दुष्काळातून जन्मलेली ही रेल्वे.

या कंपनीचे रूळ पुढे पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा असे जुळले. लोंढ्याहून कॅसलरॉकचा घाट उतरून मुरगावला जाणाऱ्या गोव्याच्या लाईनशी जोड मिळाली. कोल्हापूर संस्थानाने मिरज-कोल्हापूर लाईन स्वतःच्या पैशाने घातली. १८८८ मध्ये तरुण शाहू महाराजांच्या हस्ते तिची पहिली कुदळ पडली, १८९१ मध्ये गाडी सुरू झाली आणि ती चालवायला दिली याच सदर्न मराठा कंपनीला. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या ज्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या पोरं पलटणीत गेली, त्यांच्या दारात आलेली पहिली आगगाडी ही. १९२२ च्या पुनर्रचनेत मराठा पलटणींचं प्रशिक्षण बेळगावात एकवटलं. आजही मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र तिथेच आहे. ट्रंक डोक्यावर घेऊन मिरजेला गाडी बदलून बेळगावला जाणारा रंगरूट स्वातंत्र्यापर्यंत या रेल्वेच्या डब्यातून गेला. १९०८ ते १९२२ या काळात कोल्हापूरच्या स्टेशनवर सुटणाऱ्या गाडीचा हुकूम रोयापुरमच्या या खांबांमागून निघत होता. पहिलं महायुद्ध याच काळातलं. त्या युद्धात मेसोपोटेमियाला गेलेल्या मराठा जवानाचा घरापासूनचा पहिला टप्पा याच रेल्वेवरचा.

१४ एप्रिल १९५१ रोजी मद्रास अँड सदर्न मराठा, साऊथ इंडियन आणि म्हैसूर स्टेट या तीन रेल्वे एकत्र करून दक्षिण रेल्वे झाली. ‘मराठा’ हा शब्द पाटीवरून गेला. पुढे झोन बदलत गेले. आज पुणे-मिरज-कोल्हापूर मध्य रेल्वेकडे आहे, बेळगाव-हुबळी नैर्ऋत्य रेल्वेकडे. हे व्हायलाच हवं होतं, त्यात हळहळण्यासारखं काही नाही. पण मिरजेच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला आपल्या रेल्वेचा कारभार कधीकाळी मद्रासच्या कोळीवाड्याशेजारून चालायचा हे माहीत नसावं, याची मात्र हळहळ वाटते.

मुख्यालय गेल्यावर रोयापुरमला उरली मालगाड्यांची वर्दळ, बंदराकडे जाणाऱ्या सायडिंग आणि लोकल. इमारतीकडे दुर्लक्ष होत गेलं. छत खचलं, झाडं उगवली, खोल्या बंद पडल्या. शहरातल्या वारसाप्रेमींनी पाठपुरावा केला आणि २००५ मध्ये दक्षिण रेल्वेने तिची डागडुजी करून घेतली. लाल भिंती, समोर ग्रीक-रोमन धाटणीचे उंच पांढरे खांब, उंच छताचे दालन. आज बघितली, तर पडीक वाटत नाही. पण गजबजलेलीही वाटत नाही.

आता या लेखाचा खरा मुद्दा. बोरीबंदर गेलं आणि रोयापुरम राहिलं, असं का? मुंबईकरांना वारशाची कदर नव्हती आणि मद्रासकरांना होती, म्हणून नव्हे. बोरीबंदर यशस्वी झालं म्हणून गेलं. गर्दी वाढली, जागा अपुरी पडली, जुनं पाडून नवं बांधणं भाग पडलं. रोयापुरम मागे पडलं म्हणून राहिलं. पाडण्याइतकी गरजच कोणाला वाटली नाही. विस्मृतीने त्याला वाचवलं. पण विस्मृती हा भरवशाचा पहारेकरी नाही. ती पाडू देत नाही तशीच डागडुजीही करू देत नाही. आणखी तीस वर्षं तशीच गेली असती, तर ही इमारत पाडायला माणूस लागला नसता, पाऊस पुरला असता.

पहिल्या गाडीची दोन टोकं डोळ्यांसमोर आणा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. एका टोकाला अर्काटचा किल्ला. ज्या किल्ल्याने इतिहास फिरवला, त्याचा आज मुख्यतः एक दिल्ली दरवाजा उरला आहे, कारण किल्ल्याचं काम संपलं. दुसऱ्या टोकाला, रोयापुरमपासून तीन-चार किलोमीटरवर, फोर्ट सेंट जॉर्ज. १६४० च्या सुमारास सुरू झालेला किल्ला. तिथे आज तमिळनाडूचं सचिवालय आहे, विधानसभा आहे, संग्रहालय आहे, लष्कराचा वावर आहे. रोज हजारो लोक आत-बाहेर करतात. त्याच्या भिंतीला तडा गेला, तर दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी टेबलावर कागद येतो. आपल्याकडच्या गडांचंही तेच. ज्या गडावर जाग राहिली, तिथली निदान देवळाची भिंत तरी शाबूत आहे.

रोयापुरमला चेन्नईचं आणखी एक मोठं टर्मिनस करावं, ही मागणी अनेक वर्षं चर्चेत आहे. काही वारसाप्रेमींना भीती वाटते, की गाड्या आल्या, तर इमारत जाईल. भीती रास्त आहे, बोरीबंदरचं उदाहरण समोरच आहे. पण माझं मत उलट बाजूला झुकतं. आज आपल्याकडे वारशाचे नियम आहेत, तंत्र आहे आणि इथे मोकळी रेल्वेची जमीन आहे. नवे फलाट मागे बांधता येतील. प्रवासी मात्र या खांबांमधून आत यावा. तिकीट खिडकी, प्रतीक्षालय, एक छोटं संग्रहालय आणि हो, एमसीओचं ऑफिसही याच दालनात असावं. १८५६ च्या दारातून २०-२२ वर्षांचा जवान रजेवर घरी निघाला, यापेक्षा मोठा सन्मान त्या दाराला कोणता? कुलूप लावून रंग दिलेली इमारत ही फक्त सुरक्षित ठेवलेली असते.

चेन्नईला आलात, तर बीच स्टेशनवरून अरक्कोणम किंवा गुम्मिडीपूंडीच्या दिशेची लोकल पकडा. पुढचंच स्टेशन रोयापुरम. तासाभरात बघून होतं. इमारतीला रस्त्याच्या बाजूने बघा, फलाटाच्या बाजूने नाही. तिचं तोंड शहराकडे आहे.

हा ब्लॉग वाचणाऱ्यांत निवृत्त झालेले बरेच आहेत, म्हणून शेवटी एवढंच. सेवा संपलेल्या माणसाला शाल-श्रीफळ एक दिवस पुरतं. त्याला टिकवतं ते काम. कुठल्यातरी संस्थेचा हिशेब, गावातल्या पोरांची भरतीची तयारी, नाहीतर निदान रोजची ठरलेली बैठक. तुम्हाला हे मी वेगळं सांगायला नको. पावणेदोनशे वर्षांकडे निघालेल्या रोयापुरमलाही तेच हवं आहे.